धाकटीची सायकल: पंधराची का अठराची



आजची नोंद पिकाची नाही. हरभऱ्याचं बियाणं घरात येऊन पडलंय, जॅकी ९२१८, पण खालच्या तुकड्यात अजून वापसा नाही. पेरणी यंत्र आत घातलं की फणाला मातीचे गोळे येतात. वरचं पेरून झालं. त्यामुळं दोन दिवस मोकळे मिळाले आणि जूनपासून तटलेलं धाकटीच्या सायकलचं काम उरकून घेतलं. ते लिहितो, कारण यात मी एकदा चुकलोय, आणि यंदा जवळजवळ परत चुकलो होतो.

धाकटी आठवीला. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा साडेचार किलोमीटर. मैत्रिणी सायकलवर जातात, ही एकीच्या कॅरिअरवर बसून. जूनमध्ये मी म्हणलो, सोयाबीन झालं की घेऊ. सोयाबीन झालं, म्हणजे सप्टेंबरच्या पाण्यातून जे राहिलं ते झालं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता, पण आमच्या डागी मालाला आडतीवर त्याच्या बऱ्याच खाली भाव लागला. तर मडगार्ड, कॅरिअर, कुलूप सगळं धरून दहा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, असं घरात ठरलं.

खरं तर घरात एक सायकल आहे. गोठ्यात आढ्याला टांगलेली. आधी तिचं सांगतो.

ती थोरलीला २०२२ च्या दिवाळीत घेतली होती. तेव्हा थोरली आठवीला होती. दुकानदार म्हणला, मागच्या वर्षीचा माल आहे, दीड हजार कमी करतो, एकच नग शिल्लक आहे. सतराची फ्रेम. फ्रेम म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यानं सीट तळापर्यंत खाली केली, थोरलीला वर बसवलं, पाय पायडलला पुरले. "वाढतं अंग आहे, वर्षभरात बरोबर बसेल," तो म्हणला. माझ्याही मनात तेच होतं. आपल्याकडं लेकरांचं सगळं असंच घेतात. ड्रेसला आत दुमड घालायची, चप्पल एक नंबर मोठी घ्यायची.

तीन आठवडे चालवली. मग फाट्याच्या उतारावर समोरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. तिनं ब्रेक दाबला, सायकल थांबली, ती सीटवरून पुढं उतरली आणि पाय जमिनीला टेकलेच नाहीत. मध्ये दांडी. सायकलसकट डाव्या अंगाला नालीत पडली. कोपराला चार टाके. उजव्या अंगाला पडली असती तर, हे वाक्य मी आजही पुरं करत नाही.

त्या दिवसापासून ती म्हणायला लागली, मला सायकल येत नाही. घरात सगळ्यांनी तेच धरलं. मीही. थोरली घाबरट आहे, थोरलीला सायकल येत नाही. सायकल आढ्याला गेली आणि ती दहावीपर्यंत एसटीनं गेली. एसटी वेळेवर आली तर आली. पहिला तास गणिताचा, आठवड्यातून एक-दोनदा बुडायचाच. दहावीला गणितात किती पडले ते इथं लिहीत नाही. आता ती अकरावीला आहे.

यंदा सायकलचं निघालं तेव्हा आबा म्हणले, "बावीसची घे. चोवीसची लेकराला झेपत नाही." दुकानात फोन लावला तर तिकडून, "चोवीसची तर लहान पोरांची हो दादा, आठवीच्या मुलीला सव्वीसची लागते." मला वाटलं दोघांतला एक चुकतोय. दोघंही बरोबर निघाले.

आबांच्या काळातल्या काळ्या सायकली, त्यांची ॲटलस होती, सगळ्या एकाच चाकाच्या, अठ्ठावीस इंची. चाक ठरलेलं, म्हणून सायकल मागायची ती फ्रेमच्या मापानं. वीस, बावीस, चोवीस. पायडलचा जो मधला एक्सल असतो तिथून सीटखालच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंत किती इंच, ते माप. उंच माणसाला चोवीस, बेताच्या उंचीला बावीस. आता उलटं झालंय. दुकानात चोवीस, सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस म्हणतात ते चाकाचं माप. फ्रेमचं माप कुणी बोलत नाही. ते कुठं नळीवर बारीक स्टिकरवर असतं, कुठं नसतंच. एका सव्वीसच्या चाकावर पंधराची फ्रेम येते, सतराची येते, अठराचीही येते. म्हणजे "सव्वीसची द्या" असं म्हणणं म्हणजे कृषी केंद्रात जाऊन "तीस किलोची बॅग द्या" म्हणण्यासारखं आहे. आत कुठलं वाण आहे ते विचारलंच नाही.

(ॲटलसवाल्यांचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आबांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांची सायकल अजून चालू आहे, चिमटा एकदा बदललाय फक्त.)

मग माप घ्यायचं ठरवलं. उंचीवर जाऊन उपयोग नाही, सायकलला उंची कळत नाही, पायाची लांबी कळते. एकाच उंचीच्या दोघी असतील तर एकीचे पाय लांब, दुसरीचं धड लांब. पद्धत सोपी आहे. शाळेचे बूट घालून भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखी वर घट्ट धरायची, वहीची वरची कड भिंतीला टेकवून तिथं पेन्सिलची खूण. जमिनीपासून खुणेपर्यंत किती सेंटिमीटर ते माप. हे काम मी थोरलीकडं दिलं. आतल्या खोलीत दोघींनी केलं. धाकटीचं आलं ६८.

आता हिशेब. पायाचं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.२२६ नं गुणलं की जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या सायकलला फ्रेम किती इंच लागेल त्याचा अंदाज येतो. ६८ गुणिले ०.२२६ म्हणजे सव्वापंधराच्या थोडं वर. म्हणजे पंधराची. दुसरं, सीट किती उंच ठेवायची त्याचा एक आकडा आहे, ०.८८३. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकेचा ग्रेग लेमंड, त्याच्या नावानं तो चालतो. ६८ ला ०.८८३ नं गुणलं तर ६०. मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ६० सेंटिमीटर. नवशिक्यानं सुरुवातीला यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खालीच ठेवावी, म्हणजे बसल्या बसल्या चवडे टेकतात. हात बसला की वर न्यावी. फार दिवस खालीच ठेवली तर गुडघे दुखतात. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात थोडासाच वाक, अशी बैठक हवी.

आकडे म्हणजे खताच्या शिफारशीसारखे. सुरुवात तिथून करायची, शेवट आपल्या रानात बघूनच.

शेवटची परीक्षा उभं राहायची. सीटवरून उतरायचं, दांडी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवून दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवायचे. अंग आणि दांडी यांच्यात किमान दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. आमच्यासारख्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चार असली तर आणखी बरं. थोरलीच्या वेळी हीच एक गोष्ट केली नव्हती. दुकानदार सीट खाली करून दाखवतो आणि पाय पुरतात. सीट खाली जाते हो, दांडी खाली जात नाही. आणि हँडल जवळ येत नाही.

रविवारी तालुक्याला गेलो. मी, धाकटी आणि थोरली. थोरली स्वतःहून येते म्हणली.

दुकानात शिरल्या शिरल्या धाकटीचा जीव एका सायकलवर बसला. २०२४ चा माल. सव्वीसचं चाक, २१ गिअर, पुढं-मागं डिस्क ब्रेक, पुढं शॉकर. लेबलवर १२,८८०, दुकानदार म्हणला ९,९०० ला देतो. शेजारीच तिचंच २०२५ चं मॉडेल, रंग निळा, किंमत पूर्ण. मी दोन्ही खाली वाकून बघितल्या. पुढं तीन दात्यांच्या चकत्या, मागं सात. दोन्हींत तेच. ब्रेक तेच. फ्रेमची घडण तीच. फरक रंगाचा आणि अक्षरांचा.

म्हणजे मॉडेल जुनं आहे हा दोष नव्हे, हे इथं कळलं. सोयाबीनचं बियाणं एक उन्हाळा नीट सांभाळलं नाही तर उगवण ७० टक्क्यांच्या खाली जाते आणि ते बियाणं म्हणून संपतं. सायकलच्या सांगाड्याचं तसं नाही. कोरड्या जागी ठेवली तर फ्रेमला वर्षा-दोन वर्षांनी काही होत नाही. होतं ते रबराला आणि ग्रीसला. टायरची बाजू अंगठ्यानं दाबून बघायची, बारीक भेगा दिसतात का. चेनच्या कड्या वाकवून बघायच्या, अडकतात का. चाक उचलून फिरवायचं, आवाज ऐकायचा. हे ठीक असेल तर जुन्या मॉडेलचे पैसे वाचतात ते खरे वाचतात. माझं मत विचाराल तर योग्य मापाची मागच्या सालची मिळाली तर आधी तीच उचलावी.

पण सवलतीचंही एक गणित आहे. २२ सप्टेंबरपासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. १२,८८० हा जुन्या दराचा आकडा. त्यातून १२ टक्के काढले तर ११,५००, त्यावर ५ टक्के चढवले तर १२,०७५. म्हणजे दुकानदार जे २,९८० कमी केले म्हणत होता त्यातले ८०५ त्याचे नव्हतेच, कराचे होते. हे मी त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणला, "दादा, तुम्ही आडतीवर पण एवढा हिशेब करता का?" तिथं करून उपयोग होत नाही म्हणून इथं करतो, म्हणलं.

आता माझी गोष्ट ऐका. भिंतीवर खूण करून, हिशेब मांडून गेलेला माणूस मी. पण ते २१ गिअर आणि तीन हजारांची सूट बघितली आणि मन हललं. फ्रेम अठराची होती. दुकानदारानं सीट खाली केली, धाकटी चढून बसली, पाय पुरले. तिचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचं बोलवेना. "वाढतंय की अंग," दुकानदार म्हणला. मी म्हणलो, "हो, वाढेल तशी..."

थोरली मागं उभी होती. ती म्हणली, "सीटवरून उतर. खाली उभी राहा."

धाकटी उतरली. चवड्यावर उभी राहिली, सायकल एका बाजूला कलली, तिनं पटकन हँडल धरलं. थोरलीनं पिशवीतून टेप काढला आणि जमिनीपासून दांडीपर्यंत मोजलं. ७४. धाकटीचा पाय ६८. थोरलीनं माझ्याकडं बघितलं नाही, दुकानदाराकडंही नाही. टेप गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

मी दुकानदाराला विचारलं, हीच सायकल मागच्या सालच्या दरात पंधराच्या फ्रेममध्ये आहे का. नव्हती. दुसऱ्या दुकानात? तिथंही नव्हती. तिथले कारागीर म्हातारे होते, त्यांनी सरळ सांगितलं. मधली मापं आधी जातात. वर्षाच्या शेवटी राहते ती फार मोठी नाहीतर फार लहान. सूट मॉडेलच्या सालावर आहे असं गिऱ्हाईकाला वाटतं, ती बऱ्याचदा न खपलेल्या मापावर असते. २०२२ मध्ये "एकच नग शिल्लक आहे" हे ऐकून मी खूश झालो होतो. तो नग का शिल्लक होता हे कळायला मला तीन वर्षं लागली.

पंधराची मिळाली ती यंदाच्या मॉडेलमध्ये, त्या म्हाताऱ्यांच्याच दुकानात. चाक सव्वीसचंच, दांडी बरीच खाली उतरती. गिअर नाहीत. ब्रेक साधे, रिमला रबर लागतं ते. जमिनीपासून दांडी ६३. धाकटी उभी राहिली तर पाच सेंटिमीटर मोकळे. किंमत ८,४००.

धाकटी रुसली. गिअर पाहिजेत म्हणून. तिला समजावलं ते असं. शाळेच्या वाटेला एकच चढ आहे, ओढ्याचा, तो उतरून चढला तरी चालतो. गावात पंक्चरवाला आहे, गिअर जुळवणारा नाही, तो २८ किलोमीटरवर. आणि आपली माती काळी. पावसाळ्यात मागच्या गिअरच्या यंत्रात चिखल भरला की चेन तारांत जाते. हे सगळं खरं आहे, पण तेराव्या वर्षी हे ऐकून कुणाचं समाधान झालंय? शेवटी म्हाताऱ्यांनी तिला सायकल देऊन दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारायला लावली. येताना वळणावर गाय आडवी आली. हिनं ब्रेक दाबला, खाली उतरली, दोन्ही पाय टेकवून उभी राहिली आणि गाय जाईपर्यंत घंटी वाजवत बसली. परत आली तेव्हा गिअरचा विषय निघाला नाही.

वरचा खर्च सांगतो, कारण हा कुणी धरत नाही. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेन कव्हर, कुलूप मिळून १,१५०. ही आजकालच्या सायकलींना मुळात येतच नाहीत. चेन कव्हर मुलींच्या सायकलला घ्याच, ओढणी आणि सलवार चेनमध्ये जाते. मडगार्ड लावताना टायर आणि त्याच्यात दोन बोटं अंतर ठेवायला सांगितलं, नाहीतर काळी माती आत बसून चाक जागेवर तटतं. एकूण ९,५५०.

वाढत्या अंगाचं काय, हे घरी लेकींच्या आईनं विचारलंच. म्हाताऱ्यांनी सीटचं पिलर पूर्ण बाहेर काढून दाखवलं होतं. त्याच्यावर आडवी खूण असते, ती नळीच्या आत राहिली पाहिजे, बाहेर दिसली तर पिलर वाकतं किंवा नळी फाटते. ती खूण सांभाळूनही सीट आजच्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर वर जाते. त्याच्याही पुढं गेली तर लांब पिलर मिळतं, फ्रेम बदलावी लागत नाही. लहान फ्रेम वर वाढवता येते, मोठी खाली आणता येत नाही. आबा ऐकत होते. म्हणले, "गोऱ्ह्याच्या मानेवर थोरल्या बैलाचं जू ठेवलं का कधी? खांदा सुजतो. मग लोक म्हणतात गोऱ्हा अडेल आहे."

थोरली तिथंच भाकरी थापत होती.

संध्याकाळी दिवा लावायला आतल्या खोलीत गेलो तर भिंतीवर पेन्सिलच्या दोन खुणा. एक ६८ ची. तिच्यावर दुसरी, शेजारी बारीक आकडा, ७५. ही कधी केली, कुणी मापलं, मला माहीत नाही. ७५ ला ०.२२६ नं गुणलं तर सतराला जरासंच कमी येतं.

मी गोठ्यात गेलो आणि आढ्याची सायकल खाली काढली. दांडी मोजली, जमिनीपासून ७१. चार वर्षांपूर्वीचं मॉडेल. फ्रेम जशीच्या तशी, फक्त कॅरिअरच्या बोल्टला गंज. टायर दोन्ही भेगाळलेले, ट्यूब चिकटून गेलेल्या, ब्रेकचे रबर दगडासारखे, चेन लाल. पंक्चरवाल्याला दाखवली, तो चौदाशे म्हणला. दहा हजारांतले साडेचारशे शिल्लक आहेत. बाकीचे हरभऱ्याच्या फवारणीतून काढावे लागतील, नाहीतर उधार.

धुऊन गोठ्याच्या दाराशी उभी केलीय. तिला कुणी काही बोललेलं नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर थोरली बॅटरी घेऊन गोठ्याकडं गेली आणि बराच वेळ आली नाही. म्हशीकडं गेली असेल म्हणून मी विचारलं नाही. सकाळी बघितलं तर सीट चार बोटं वर केलेली होती.